उजाड डोंगराची माती पुन्हा जिवंत कशी होते?



काही वर्षांपूर्वी आम्ही विद्यार्थ्यांना घेऊन घोडेगावच्या कांदा बाजारात लिलाव पाहण्यास गेलो होतो. तेथे एका वयस्कर बागायतदाराने मला अडवून विचारले, "सर, डोंगराला कोण युरिया टाकतं? तरी राखलेल्या रानात पावसाळ्यात गवत कंबरेला लागतं. अन् आमच्या वावरात गोण्यावर गोण्या ओतल्या तरी पात पिवळी ती पिवळीच. याचं उत्तर तुमच्या पुस्तकात आहे का?"

उत्तर पुस्तकात आहे. परंतु लिलावाच्या गडबडीत ते देता येण्यासारखे नव्हते आणि मी दोन वाक्यांत वेळ मारून नेली. या बाबांशी माझी ओळख त्याआधीची होती. ती माझ्याच एका चुकीमुळे झाली होती. ती हकिगत पुढे ओघात येईल. प्रस्तुत लेखात त्यांच्या प्रश्नाचे राहिलेले उत्तर देण्याचा प्रयत्न केला आहे.

डोंगराचे खत कोठून येते?

घोडेगावहून नगरकडे निघाले की पांढरीपुलानंतर इमामपूरचा घाट लागतो. घाटातील मुरमाड जमीन आणि खाली मुळा कालव्याच्या पाण्यावर भिजणारी काळी जमीन दिसायला अगदी वेगळ्या असल्या, तरी दोन्ही एकाच काळ्या पाषाणापासून तयार झालेल्या आहेत. या पाषाणात चुना, मॅग्नेशियम व लोह भरपूर असते. स्फुरद आणि पालाशही काही प्रमाणात असतात. नत्र मात्र जवळजवळ नसतेच. जमिनीत आज जे नत्र आहे ते मुळात हवेतील आहे आणि ते हवेतून मातीत आणण्याचे काम प्रामुख्याने जीवाणूंनी हजारो वर्षे केले आहे. विजांच्या कडकडाटाने पावसाबरोबर थोडे नत्र उतरते, पण त्याचा वाटा लहान असतो.

हे नत्र मातीत मोकळे पडून राहत नाही. जमिनीतील एकूण नत्रापैकी शंभरातील नव्वदाहून अधिक भाग सेंद्रिय पदार्थात, म्हणजे कुजलेल्या पालापाचोळ्यात, मुळांत आणि जीवाणूंच्या शरीरात बांधलेला असतो. पिकाला तो तसाच घेता येत नाही. जीवाणूंनी तो फोडून अमोनिया व नायट्रेटच्या स्वरूपात मोकळा केल्यावरच मुळे तो उचलतात. डोंगरावर युरिया टाकावा लागत नाही याचे कारण हेच. तेथे तेच ते नत्र, तेच ते स्फुरद वर्षानुवर्षे फिरत राहते. पान गळते, वाळवी, पैसा किडे व गांडुळे ते कुरतडतात, बुरशी त्यातील लाकडासारखा चिवट भाग फोडते, उरलेल्यावर जीवाणू ताव मारतात आणि सुटलेली अन्नद्रव्ये वरच्या दोन-चार बोटे थरातील मुळे पुन्हा उचलतात. रानातून बाहेर फारसे काही जात नाही.

आपल्या वावरातून मात्र दरवर्षी गाड्या भरून माल बाहेर जातो. कांद्याचा ट्रक बाजार समितीच्या काट्यावर चढला की त्याबरोबर आपल्या जमिनीतील नत्र, स्फुरद, पालाश आणि गंधकही चढले, हे पावतीवर लिहिलेले नसते एवढेच. त्यामुळे वावराला खत द्यावेच लागते. "जंगलाला खत लागत नाही, मग शेताला का?" असा युक्तिवाद हल्ली ऐकू येतो. तो या कारणासाठी अर्धवट आहे. पण दिलेल्या खतापैकी किती पिकापर्यंत पोहोचते आणि किती वाया जाते, हे ठरविण्यात मात्र डोंगरावरच्याच जीवाणूंचे भाईबंद मोठा हात राखून असतात.

उन्हाळ्यात साठवण, मृगात वाटप

आपल्यासारख्या कोरड्या प्रदेशातील जीवाणूंच्या कामाची एक विशेष पद्धत आहे. बनारस हिंदू विद्यापीठातील शास्त्रज्ञ प्रा. जे. एस. सिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विंध्य भागातील कोरड्या पानगळी जंगलात व गवताळ रानात याचा अभ्यास केला. तो १९८९ साली 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांना असे आढळले की जीवाणूंच्या शरीरात साठलेले कर्ब, नत्र व स्फुरद उन्हाळ्यात सर्वांत जास्त असते आणि पावसाळ्यात, झाडे-गवत जोमाने वाढत असताना, सर्वांत कमी असते.

वरवर पाहता हे उलटे वाटते. पावसाळ्यात ओल असते, मग जीवाणू वाढायला हवेत. पण थोडा विचार केला की उलगडा होतो. पानगळीनंतर झाडे झोपलेली असतात आणि मुळे काही मागत नाहीत. त्या काळात सुटलेली अन्नद्रव्ये जीवाणू आपल्या शरीरात धरून ठेवतात, त्यामुळे ती वाहून जात नाहीत. पाऊस सुरू झाला की जुने जीवाणू मोठ्या संख्येने मरतात, त्यांना खाणारे आदिजीव व सूत्रकृमी जागे होतात आणि साठविलेले अन्न नेमके मुळांना हवे तेव्हा मोकळे होते. घरात कणगी असते तसा हा प्रकार आहे. सुगीत भरायची आणि नड असेल तेव्हा काढायची.

वळवाच्या किंवा मृगाच्या पहिल्या सरीनंतर येणारा मातीचा वास हा ॲक्टिनोमायसिटीज या गटातील जीवाणूंनी तयार केलेल्या पदार्थाचा असतो. कोरडी तापलेली माती एकदम भिजली की जीवाणूंची क्रिया काही दिवस भडकते आणि त्यात बरेच नत्र मोकळे होते. पूर्व आफ्रिकेत काम करणाऱ्या बर्च या शास्त्रज्ञाने १९५८ साली हे सविस्तर मांडले. आपले वाडवडील उन्हाळ्यात नांगरट करून जमीन तापू देत आणि पहिल्या पावसावर वेळ न दवडता पेरणी करीत. त्यामागे तण व किडींचा बंदोबस्त हा हेतू होताच, पण हे मोकळे झालेले नत्र हाती लागण्याचा फायदाही त्यात होता. पेरणी लांबली तर हेच नत्र पाण्याबरोबर खाली झिरपून जाते.

ही कणगी किती मोठी असते, याचा एक हिशेब करून पाहू. एक हेक्टर जमिनीच्या वरच्या १५ सें.मी. थराचे वजन सुमारे २२ लाख किलो धरतात. सेंद्रिय कर्ब ०.५ टक्के असेल तर त्यात ११,००० किलो कर्ब झाले. एकूण कर्बाच्या साधारण १ ते ५ टक्के कर्ब जिवंत जीवाणूंच्या शरीरात असते. आपण अडीच टक्के धरू. म्हणजे २७५ किलो. जीवाणूंच्या शरीरात आठ भाग कर्बामागे एक भाग नत्र धरले तर सुमारे ३४ किलो नत्र होते. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत जवळपास २१ किलो नत्र असते. त्या हिशेबाने दीड गोणीहून थोडा अधिक युरिया कोणत्याही क्षणी तुमच्या जीवाणूंच्या अंगात आहे. हे सगळे एकाच हंगामात पिकाला मिळते असे नाही. पण ही कणगी एका वर्षात अनेकदा भरते आणि रिकामी होते हे लक्षात घ्यावे. सेंद्रिय कर्ब ०.२ टक्क्यांवर आले की कणगी निम्म्याहून लहान होते. मग वरून टाकलेले नत्र धरून ठेवायला कोणीच नसते. बाबांच्या पिवळ्या पातीचे पहिले कारण येथे आहे.

रान उजाड होते तेव्हा काय हरवते?

झाड तुटले हे डोळ्यांना दिसते. त्याखालची घडामोड मात्र दिसत नाही. झाडोरा गेला की पावसाचा थेंब सरळ मातीवर आपटतो. वरचा दोन-तीन बोटांचा थर सर्वांत आधी वाहून जातो आणि सेंद्रिय कर्ब, नत्र व जीवाणू यांचा मोठा साठा नेमका त्याच थरात असतो. राहतो तो मुरूम. मुरमात पालाश व चुना असतो, पण नत्र नसते आणि ते आणणारेही नसतात.

मोकाट चराईने दुहेरी नुकसान होते. गुरे, विशेषतः शेळ्या, नवे फुटवे खातात हे सर्वांना माहीत आहे. पण जनावरांच्या खुरांनी ओली माती दाबली जाते, तिच्यातील हवेच्या पोकळ्या बंद होतात आणि हवा नसली की नायट्रेटचे वायूत रूपांतर करून ते उडवून टाकणारे जीवाणू वरचढ होतात, हे कमी लोकांना ठाऊक असते.

वणव्याबाबत मात्र थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. फाल्गुन-चैत्रात डोंगराला आग लावली की पावसाळ्यात गवत चांगले फुटते, असा समज आपल्याकडे पक्का आहे. हा समज पूर्ण खोटा नाही आणि म्हणूनच तो जात नाही. आगीत पाचोळ्यातील बहुतेक नत्र व बराचसा गंधक हवेत उडून जातो. स्फुरद, पालाश व चुना राखेत राहतात आणि ते लगेच विरघळण्याजोगे असतात. त्यामुळे पहिल्या पावसावर गवत हिरवेगार दिसते. पण ती राख उघड्या उतारावर पडलेली असते. जोराच्या दोन पावसांत ती ओढ्याला मिळते. म्हणजे कणगीतले धान्य न खाता कणगीच पेटवून तिच्या उजेडात एक रात्र काढण्यासारखे हे आहे. तीन-चार वर्षे लागोपाठ जाळलेल्या रानात चांगल्या चाऱ्याचे गवत विरळ होते आणि कुसळी वाढते.

बंधूंनो, डोंगराला लागलेला वणवा आपल्याला वाईट दिसतो, पण उसाचे पाचट पेटवताना आपण नेमके तेच करतो. एक हेक्टर उसापासून साधारण ८ ते १० टन पाचट निघते. त्यात सुमारे अर्धा टक्का नत्र असते. हिशेब ज्याने त्याने करावा.

आणखी एक पद्धत वाढीला लागली आहे. रोपवाटिकेसाठी किंवा कुंड्यांसाठी रानातील झाडाखालची काळी माती पोत्यात भरून आणणे. वरचा दोन बोटांचा थर तयार व्हायला रानाला कित्येक वर्षे लागलेली असतात. आणि चार पोती मातीने आपल्या एकरभर जमिनीत काही बदल होत नाही. बाहेरून आणलेले जीवाणू तेथे खायला काही नसले तर थोड्याच दिवसांत उपासमारीने कमी होतात. मी याचा सल्ला कोणालाही देत नाही.

परत येण्याचा क्रम

उजाड रान राखले तर माती परत येते का? येते, पण सर्व गोष्टी एकाच वेगाने येत नाहीत.

उष्ण प्रदेशातील ७७ ठिकाणी शेती सोडून दिलेल्या जमिनींवर जंगल परत कसे वाढले, याचा एक मोठा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. ही ठिकाणे मध्य व दक्षिण अमेरिकेतील आणि पश्चिम आफ्रिकेतील होती. तेथे जमिनीची सुपीकता दहा वर्षांच्या आत पूर्ववत होण्याच्या जवळ आली. झाडांचा एकूण भार आणि मूळच्या जाती परत येण्यास मात्र शंभराहून अधिक वर्षे लागतात असे दिसून आले. म्हणजे माती आधी सुधारते आणि मग जंगल. परंतु हे आकडे वाचून हुरळून जाऊ नये. त्या जमिनींवर वरचा मातीचा थर बव्हंशी शाबूत होता. आपल्या नगर, पारनेर, संगमनेरकडील कित्येक टेकड्यांवर तो थरच उरलेला नाही. तेथे सुरुवात मुरमापासून करावी लागते आणि घड्याळ सावकाश चालते. सिंगरौलीच्या कोळसा खाणींमधून काढलेल्या खडक-मातीच्या ढिगांवर सिंह यांच्या सहकाऱ्यांनीच जीवाणूंची मोजणी केली होती. ढीग जितका जुना तितके जीवाणूंमधील कर्ब व नत्र अधिक, असे त्यांना दिसले. कोणी काही पेरले नाही तरी निसर्ग तेथे हळूहळू कामाला लागतोच.

क्रम साधारण असा असतो. सर्वांत आधी नत्राची उणीव भासते, कारण मुरमात ते नसते. म्हणून पहिल्या टप्प्यात मुळांवर गाठी असणारी, हवेतील नत्र स्थिर करणारी झाडे-झुडपे व वेली यांचे महत्त्व असते. पनामा देशात केलेल्या व २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नव्याने वाढणाऱ्या जंगलाला पहिल्या १२ वर्षांत लागणाऱ्या नत्रापैकी निम्म्याच्या आसपास नत्र अशा झाडांनी पुरविल्याचे आढळले.

येथे एक गैरसमज दूर करणे जरूर आहे. शेंग लागते म्हणून प्रत्येक झाड नत्र स्थिर करते असे नाही. बाभूळ, खैर, शिसू, करंज, सुबाभूळ, गिरिपुष्प यांच्या मुळांवर गाठी असतात. चिंच, बहावा, गुलमोहर आणि माळावरचा तरवड यांच्या मुळांवर त्या नसतात. चिंच लावू नये असा याचा अर्थ नाही, चिंचेसारखे उत्पन्नाचे झाड नाही. पण केवळ चिंच लावून मुरूम सुधारेल या भरवशावर राहू नये. मध्ये गिरिपुष्पाची ओळ द्यावी. त्याच्या पाल्यात कोरड्या वजनावर सुमारे ३ टक्के नत्र असते आणि तो लवकर कुजतो. सुरूच्या झाडाला शेंग नसते, तरी त्याच्या मुळांवर वेगळ्या प्रकारचे जीवाणू गाठी करून नत्र देतात.

स्फुरदाची गोष्ट वेगळी आहे. ते हवेतून येत नाही. जेवढे खडकात व मातीत आहे तेवढेच. त्यातही आपल्या चुनखडीयुक्त, ८ च्या वर सामू असलेल्या जमिनीत ते चुन्याशी बांधले जाते. ते मुळांपर्यंत पोहोचविण्याचे काम मायकोरायझा ही बुरशी करते. या बुरशीचे तंतू केसाहून कितीतरी बारीक असल्याने मुळांना जेथे शिरता येत नाही अशा पोकळ्यांत ते शिरतात आणि मुळापासून काही सें.मी. दूरवरचे स्फुरद व जस्त आणून देतात. त्याबदल्यात झाड त्यांना साखर पुरवते. हे तंतू मातीचे कण एकत्र बांधतात, त्यामुळे माती रवाळ होते. मात्र ही बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढू शकत नाही. वर्षानुवर्षे उघड्या राहिलेल्या माळावर ती अगदी कमी उरते. म्हणून अशा ठिकाणी लावलेली रोपे पाणी घालूनही खुरटतात. रोपवाटिकेतच पिशवीत मायकोरायझा दिलेली रोपे लावणे हा त्यावर चांगला उपाय आहे. दुसरा उपाय म्हणजे आधी गवत येऊ देणे. गवताच्या मुळांवर ही बुरशी फुकट वाढते.

हिवरे बाजारचे उदाहरण

हा क्रम पाहण्यास लांब जावयास नको. नगर शहराच्या पश्चिमेला, नगर तालुक्यातच हिवरे बाजार आहे. पाऊस जेमतेम ४०० मि.मी. च्या आसपास. १९७२ च्या दुष्काळानंतर गावाभोवतीचे डोंगर पार उघडे पडले होते. श्री. पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर नव्वदच्या दशकात गावाने चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळली, श्रमदान केले आणि वनखात्याच्या सहकार्याने सुमारे ७० हेक्टर वनजमिनीवर समपातळी चर काढून झाडे लावली. १९९४ साली गाव आदर्श गाव योजनेत आले. श्री. पवार यांना २०२० सालच्या पद्म पुरस्कारांत पद्मश्री जाहीर झाली.

हिवरे बाजारला जाणारे बहुतेक लोक विहिरींचे पाणी पाहून परततात. माझे म्हणणे असे की, डोंगरावरही चढून पाहावे. तेथील प्रत्येक निर्णयाचा जीवाणूंशी संबंध आहे. चराई बंद झाली, पण गवत वाया गेले नाही, ते विळ्याने कापून गोठ्यात आणले जाऊ लागले. कापताना बुडखा व मुळे जागेवर राहतात, खुरांनी माती दबत नाही आणि गोठ्यात चारा खाऊन झालेले शेण शेतात जाते. चरांमुळे पाण्याबरोबर वाहणारा पाचोळा व गाळ अडला आणि ओल टिकून जीवाणूंचा कामाचा हंगाम काही आठवडे वाढला. विहिरीला पाणी वाढले त्यामागे चर आहेत हे खरेच, पण रवाळ, जिवंत मातीत पाणी मुरते आणि मेलेल्या मातीवरून ते पळते, हेही तितकेच खरे आहे.

अलीकडे ठिकठिकाणी यंत्राने चर काढण्याचे काम झपाट्याने होते. वेग चांगला, पण एक खबरदारी घ्यावी. यंत्राचा बकेट उरलीसुरली काळी माती आधी काढून खाली टाकतो आणि तिच्यावर मुरूम रचतो. म्हणजे जे जपायचे तेच गाडले जाते. वरची वीतभर माती प्रथम बाजूला ठेवावी, भराव मुरमाने करावा आणि ती माती शेवटी भरावावर पसरून त्यावर स्टायलो व मारवेल गवताचे बी टाकावे. तसेच किती रोपे लावली यापेक्षा तिसऱ्या वर्षी भरावाखाली किती पाचोळा साठला, यावर कामाचे मोल ठरवावे असे माझे स्पष्ट मत आहे.

जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला अकोले तालुक्यात सह्याद्रीकडे देवराया आहेत. डॉ. माधव गाडगीळ व डॉ. वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास केला. न तोडलेली माती कशी असते याचा नमुना म्हणून विद्यार्थ्यांना व शेतकऱ्यांना या जागा एकदा दाखवाव्यात. पाय ठेवला की माती दबते आणि पाय उचलला की पुन्हा वर येते.

माझी चूक आणि मक्याची ताटे

आता ती हकिगत. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी बाबांना असा सल्ला दिला की, "मक्याची ताटे जाळू नका, बारीक करून जमिनीत गाडा." सल्ला बरोबर होता, वेळ चुकली. ताटे गाडली आणि बारा दिवसांत रब्बी कांद्याची लागण झाली. तीन आठवड्यांत पात पिवळी पडली. युरियाचा जादा हप्ता देऊनही कांदा मोठा झाला नाही, निम्म्याहून अधिक माल गोल्टीत गेला.

काय झाले असावे? मक्याच्या वाळलेल्या ताटांत एक भाग नत्रामागे साठ भाग कर्ब असते. जीवाणूंना एवढे खाद्य एकदम मिळाल्यावर त्यांची संख्या बेसुमार वाढली. शरीर बांधण्यास नत्र हवे, ते ताटांत पुरेसे नव्हते, म्हणून त्यांनी जमिनीतले व मी दिलेले नत्रही उचलले. जीवाणू आणि कांदा यांची पंगत एकत्र बसली तर आधी जीवाणू जेवतात. कर्ब-नत्राचे प्रमाण २५ ते ३० च्या वर असेल तर असे होते. कुजलेल्या शेणखतात ते २० ते २५ असते, हिरव्या द्विदल पाल्यात त्याहून कमी असते. म्हणून त्यांचा त्रास होत नाही.

पुढच्या खरिपात त्याच तुकड्यातील बाजरी इतर रानापेक्षा उजवी आली. जीवाणूंनी उचललेले नत्र कणगीतून परत मिळाले होते. बाबा म्हणाले, "सर, पैसे बुडाले नव्हते, पण वायदा चुकला." मला एवढ्या नेमक्या शब्दांत ते वर्गात कधी शिकवता आले नाही.

कांद्याच्या वावरासाठी

कांद्याची मुळे उथळ, विरळ आणि जवळजवळ केसमुळे नसलेली असतात. त्यामुळे स्फुरदासाठी तो मायकोरायझावर फार अवलंबून असतो. कोबी, फ्लॉवर व मोहरी या वर्गातील पिकांच्या मुळांवर ही बुरशी वाढत नाही. त्यांच्या मागून लगेच कांदा घेतल्यास बुरशी कमी झालेली असते. त्याऐवजी बाजरी, मका, मूग, सोयाबीन किंवा ताग यांच्या मागून कांदा घ्यावा. माती परीक्षणात स्फुरद भरपूर आले असताना "असू द्या" म्हणून डीएपीचा जादा डोस देऊ नये. स्फुरद जास्त असले की झाड बुरशीला साखर देणे बंद करते. शिफारस हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद व ५० किलो पालाश अशी आहे. ती माती परीक्षणानुसार कमी-जास्त करावी.

शक्य तेथे खरिपात ताग पेरावा. हेक्टरी ५० ते ६० किलो बी वापरून सहा ते सात आठवड्यांनी फुलोऱ्यात येताच गाडावा आणि लागणीपूर्वी किमान तीन आठवडे जाऊ द्यावेत. ताटे किंवा काड गाडायचे असेल तर दीड ते दोन महिन्यांचे अंतर ठेवावे. उसाचे पाचट जाळू नये. ते सरीत बारीक करून पसरावे आणि एक टन पाचटास ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट व १ किलो पाचट कुजविणारे जीवाणू संवर्धन टाकावे. युरिया कशासाठी, हे वरील हकिगतीवरून ध्यानात आलेच असेल.

जीवाणू खतांच्या पाकिटांबाबत इतकेच सांगतो की, ती जिवंत वस्तू आहे. उन्हात उभ्या केलेल्या जीपच्या टपावर दिवसभर ठेवलेले पाकीट टाकणे आणि नुसता कोळसा टाकणे यांत फरक नाही. पाकिटावरील मुदत पाहूनच घ्यावे, सावलीत ठेवावे. बियाण्यास प्रथम बुरशीनाशक, नंतर कीटकनाशक आणि सर्वांत शेवटी जीवाणू खत लावावे. प्रमाण १० किलो बियाण्यास २५० ग्रॅम. सेंद्रिय कर्ब ०.२ टक्क्यांच्या खाली गेलेल्या जमिनीत नुसत्या पाकिटांवर खर्च करू नये, आधी शेणखत किंवा ताग द्यावा.

घरी करून पाहण्याच्या दोन परीक्षा

पहिली परीक्षा. पांढऱ्या, शंभर टक्के सुती कापडाचे वीतभर लांबी-रुंदीचे तीन सारखे तुकडे घ्यावेत. जूनच्या अखेरीस एक तुकडा वावरात, एक बांधावरील बाभळीखाली आणि एक उघड्या माळावर चार बोटे खोल पुरून खुंटी ठोकून खूण करावी. दोन महिन्यांनी काढून धुवून पाहावे. जेथे बुरशी व जीवाणू भरपूर आहेत तेथे कापडाची चाळण झालेली असेल. माळावरचा तुकडा बहुधा पुन्हा वापरण्याजोगा निघतो.

दुसरी परीक्षा. याच तीन ठिकाणची सुपारीएवढी वाळलेली ढेकळे काचेच्या तीन पेल्यांत स्वच्छ पाण्यात अलगद सोडावीत. जिवंत मातीचे ढेकूळ बराच वेळ आकार धरून राहते. ज्या मातीतील बुरशीचे तंतू व डिंकासारखे पदार्थ संपले आहेत ते ढेकूळ काही मिनिटांतच विरघळून पाणी गढूळ करते.

या परीक्षा प्रयोगशाळेची जागा घेत नाहीत. सेंद्रिय कर्बासाठी मातीचा नमुना एप्रिल-मे महिन्यांत, खत टाकण्यापूर्वी काढावा. वावराचा, बांधाखालचा व गायरानाचा नमुना वेगवेगळ्या पिशव्यांत भरून प्रत्येकीत नाव, गट नंबर व मागील पिकाची चिठ्ठी टाकावी. कापडाचे तुकडेही फेकून न देता जपून ठेवावेत आणि अहवाल आल्यावर शेजारी ठेवून पाहावेत. आमच्या विभागात ते घेऊन येणाऱ्या शेतकऱ्यांशी बोलण्यास मला वेळ असतो.